गाठी, वार आणि जहाजे : मुंबई–जपान कापूसव्यापाराची पन्नास वर्षे

७ नोव्हेंबर १८९३ रोजी जपानमधल्या कोबे बंदरातून 'हिरोशिमा मारू' हे वाफेचे जहाज मुंबईला यायला निघाले. निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीची लांब पल्ल्याची ही पहिली नियमित फेरी. तोवर तिची नियमित जहाजे मुख्यतः चीन, कोरिया अशा जवळपासच्या बंदरांपर्यंत जात. युरोप आणि अमेरिकेचे मार्ग तिने पुढे सुरू केले, पण त्यांच्या आधी मुंबईचा मार्ग उघडला. वऱ्हाड, खानदेश आणि गुजरातचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांना हवा होता आणि तो परक्यांच्या जहाजातून, परक्यांनी ठरवलेल्या भाड्याने आणणे त्यांना परवडत नव्हते.

या फेरीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत भारत आणि जपान यांच्यात झालेला व्यापार आकाराने मोठा होता आणि परिणामानेही. तो सांगायची आपली एक ठरलेली पद्धत आहे : आपण कच्चा माल दिला, त्यांनी पक्का माल आणून विकला आणि गुलाम देशाचे नुकसान झाले. हे खोटे नाही, पण एवढ्याने उलगडा होत नाही. कारण १८८० च्या दशकात चित्र उलटे होते. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांचे सूत जपानच्या बाजारात खपत होते. मग चाळीस-पन्नास वर्षांत पारडे इतके कसे फिरले? माझ्या मते त्याचे उत्तर कापसाच्या गाठीत कमी आणि त्या गाठीभोवतीच्या सेवांत जास्त आहे. जहाज कोणाचे, हुंडी वटवणारी बँक कोणाची, गावच्या बाजारात खरेदी करणारा माणूस कोणाचा, आणि संकटात कोण एकत्र राहिले, यावर हा व्यापार ठरत गेला.

मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. अमेरिकन यादवीच्या काळात मुंबईच्या कापसाने सोन्याचा भाव पाहिला आणि नंतर तो कोसळलेलाही पाहिला. तरी गिरण्या वाढत राहिल्या आणि १८९० च्या सुमारास मुंबई बेटावर त्यांची संख्या साठ-सत्तरच्या घरात गेली. या गिरण्या कापडापेक्षा सुतावर जगत होत्या. जाड्याभरड्या नंबरांचे सूत कातायचे आणि चीनला पाठवायचे, हा त्यांचा मुख्य धंदा. चीनमधले हातमागवाले ते सूत घेत. त्याचाच एक लहान वाटा जपानला जाई.

जपानमध्ये १८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर यंत्रांवर सूत काढायचे सरकारी प्रयोग झाले, पण छोट्या गिरण्या तग धरीनात. मग शिबुसावा एइची या उद्योजकाने पुढाकार घेऊन ओसाकात मोठी गिरणी उभी केली. १८८३ साली १०,५०० चात्यांवर 'ओसाका बोसेकी' सुरू झाली. पाण्याच्या शक्तीऐवजी वाफ, लवकरच विजेचे दिवे आणि दिवसरात्र दोन पाळ्या ही तिची त्रिसूत्री होती. तिचे पाहून इतर गिरण्या निघाल्या. आता अडचण आली कापसाची. जपानचा स्वतःचा कापूस महाग आणि अपुरा होता, आणि चीनच्या कापसावर भरवसा ठेवावा तर त्याच्या दर्जाची खात्री नसे. १८८९ साली जपानी सरकार आणि गिरणीवाले यांची एक पाहणी-तुकडी भारतात आली. तिने कापसाच्या जाती, भाव, बाजार आणि वाहतूक यांची माहिती घेतली आणि परत जाऊन सांगितले, की हा कापूस आपल्याला चालेल.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही होते. हिंदी कापूस आखूड धाग्याचा. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी त्याला नेहमी नाक मुरडले. इंग्लंडला अमेरिकेचा लांब धागा हवा असे आणि तो मिळाला नाही तरच सुरतेच्या किंवा वऱ्हाडच्या मालाची आठवण होई. जपान्यांनी मात्र आखूड धाग्याला नावे न ठेवता त्याच्यावर मेहनत घेतली. हिंदी, चिनी आणि अमेरिकन कापूस ठरावीक प्रमाणात मिसळून हव्या त्या नंबरचे सूत काढण्यात त्यांनी प्रावीण्य मिळवले. जुन्या म्यूल यंत्रांऐवजी रिंग चात्या बसवल्या. त्या चालवायला फार कसबी कामगार लागत नसे आणि त्यांचा वेगही चांगला होता. मिश्रणाचे हे ज्ञान म्हणजे कापसाच्या प्रत्येक गाठीवर चढवलेली किंमत होती, आणि ती ओसाकात चढत होती.

मग प्रश्न आला वाहतुकीचा. मुंबईहून चीन-जपानकडे जाणाऱ्या मार्गावर तीन कंपन्यांचे राज्य होते : ब्रिटिशांची पी. अँड ओ., ऑस्ट्रियन लॉइड आणि इटलीची रुबातिनो. तिघींनी आपसांत दर बांधून घेतले होते. मुंबईच्या गिरणीवाल्यांना ही मक्तेदारी जाचत होती, तशीच ओसाकाच्या गिरणीवाल्यांनाही. जमशेटजी टाटा दोन्ही बाजू ओळखून होते. त्यांच्या गिरण्या सूत काढत आणि कोबे-शांघायकडे त्यांच्या पेढीचा व्यवहार चाले. १८९३ साली ते स्वतः जपानला गेले. शिबुसावा आणि निप्पॉन युसेन काइशाचे चालक यांच्याशी त्यांनी बोलणी केली. ठरले ते असे : मुंबई-जपान मार्गावर नवी जहाजे घालायची, धोका मात्र एकट्या जपानी कंपनीने घ्यायचा नाही, टाटांनीही जहाजे भाड्याने घेऊन उतरायचे.   

जपानी बाजूची तयारी पाहण्यासारखी आहे. तिथल्या गिरण्यांचा एक संघ होता. या संघाने जहाज कंपनीशी करार केला, की आमच्या सभासदांचा मुंबईचा कापूस तुमच्याच जहाजातून येईल आणि ठरावीक किमान गाठी आम्ही तुम्हाला देऊच. म्हणजे जहाज पाण्यात पडण्याआधीच त्याचे पोट भरण्याची हमी मिळाली होती. टाटांच्या मागे मुंबईत अशी हमी नव्हती. व्यापाऱ्यांनी आणि गिरणीवाल्यांनी पाठिंब्याची वचने दिली होती, आणि त्या वचनांच्या भरवशावर टाटांनी 'ॲनी बॅरो' आणि 'लिंडिसफार्न' ही दोन इंग्रजी जहाजे भाड्याने घेतली.

पी. अँड ओ.ने पुढे काय केले ते मुंबईच्या व्यापारी इतिहासात लक्षात ठेवण्यासारखे आहे. टनाला सतरा-एकोणीस रुपयांच्या घरात असलेला दर टाटांनी बारा रुपयांवर आणला होता. पी. अँड ओ.ने तो थेट दीड रुपयावर नेला. दीड रुपयात कोळशाचाही खर्च निघत नव्हता. पण या कंपनीच्या हाती ब्रिटिश सरकारचे टपाल वाहतुकीचे अनुदान होते, इतर मार्गांचा नफा होता, आणि वर्षभर तोटा सोसायची ताकद होती. शिवाय जो व्यापारी टाटांच्या किंवा जपानी जहाजांतून माल पाठवणार नाही असे लिहून देईल, त्याला खास सूट. 'लिंडिसफार्न' जहाज सूत नेण्याच्या लायकीचे नाही, अशी अफवाही बाजारात पसरवण्यात आली. टाटांनी भारतमंत्र्यांपर्यंत दाद मागितली. हिंदुस्थानच्या करदात्याच्या पैशावर पोसलेली कंपनी हिंदी जहाजवाहतूक मोडून काढते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. त्याचा उपयोग झाला नाही.

मुंबईचे व्यापारी एकेक करून गळाले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण समोर दीड रुपयाचा दर असताना बारा रुपये मोजणे कोणत्या हिशेबात बसते? प्रत्येकाने आपापल्या वहीपुरता विचार केला आणि त्या वहीपुरता तो बरोबरच होता. टाटांची जहाजसेवा थोड्याच काळात बंद पडली. ओसाकाच्या गिरणीवाल्यांपुढेही तेच गाजर होते, तेवढेच स्वस्त. त्यांच्या संघाने मात्र सभासदांना करारात बांधून ठेवले, आज स्वस्त मिळते म्हणून उद्याची जहाजे बुडवायची नाहीत असे ठरवले आणि ते पाळलेही. तीन वर्षे दरयुद्ध चालले. अखेर १८९६ साली पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीदारांनी निप्पॉन युसेन काइशाला आपल्या संगनमतात बरोबरीची जागा दिली. त्याच वर्षी जपानी संसदेने जहाजवाहतुकीला अनुदान देणारा कायदा केला. मुंबईच्या मार्गावर जपानी झेंडा कायमचा आला आणि हिंदी झेंडा उतरला.

या एका प्रसंगात पुढल्या चाळीस वर्षांची दिशा ठरली, असे मी मानतो. मुंबईकडे भांडवल होते, दूरदृष्टीचा नेता होता, कापूस तर घरचाच होता. नव्हती ती संघटना, आणि नव्हते ते पाठीशी उभे राहणारे सरकार. पहिली उणीव आपली होती, दुसरी पारतंत्र्याची. या दोन्ही उणिवा एकमेकींना बळ देत होत्या.

जहाजामागोमाग बाकीच्या सेवा आल्या. मित्सुई कंपनीने १८९३ साली मुंबईत शाखा उघडली. १८९४ साली योकोहामा स्पेसी बँक आली. परदेशी व्यापाराच्या हुंड्या वटवण्यासाठी जपानी सरकारच्या आधाराने १८८० मध्ये उभी राहिलेली ही बँक. जपानची वाणिज्य वकिलातही याच सुमारास मुंबईत सुरू झाली. आता कापूस घेणारा जपानी, त्याला पैसा पुरवणारा जपानी आणि माल वाहणाराही जपानी. ओसाकात १८९२ साली निघालेली निहोन मेन्का, गोशो आणि पुढे १९२० साली मित्सुईच्या कापूसखात्यातून वेगळी झालेली तोयो मेन्का या तीन कंपन्यांनी हिंदी कापसाच्या खरेदीवर पकड बसवली.

ही खरेदी मुंबईच्या बाजारात थांबली नाही. रॅली आणि वोल्कार्ट या युरोपी पेढ्यांप्रमाणे जपानी कंपन्यांची माणसेही थेट कापूसमुलखात उतरली. वऱ्हाडात यासाठीची वाट आधीच तयार होती. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे आणि कापूसबाजार सुरू झाला होता. कारंज्यात १८८६ सालीच नियमांनी बांधलेला बाजार भरू लागला आणि १८९७ च्या कायद्याने वऱ्हाडच्या इतर बाजारांनाही तशी शिस्त आली. बैलगाड्यांतून कापूस येई, अडत्याच्या ओट्यावर भाव फुटे, जिनात सरकी निघे, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात आणि रेल्वेने त्या कुलाब्याच्या, पुढे शिवडीच्या कॉटन ग्रीनला पोचत. उमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून ओळखला जाणारा हा माल जगभरच्या कापूसबाजारांत त्याच नावाने बोलला जाई. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ओसाका कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्याच्या घरात दिवाळीनंतर येणारा पैसा ओसाकाच्या मागणीवर हलू लागला होता.

सुताच्या बाजारात मुंबईची पीछेहाट याच काळात झाली. जून १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खासगी चांदीला बंद केल्या. रुपया चांदीपासून सुटला आणि महागला, तर चीन आणि जपान अजून चांदीवरच होते. चिनी गिऱ्हाइकाला मुंबईचे सूत महाग पडू लागले आणि जपानचे स्वस्त. जपानी सरकारने १८९४ साली सुतावरची निर्यात जकात आणि १८९६ साली कापसावरची आयात जकात काढून टाकली. १८९६ मध्येच मुंबईत प्लेग आला. गिरणगाव ओस पडले, कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी परतले. १८९७ साली जपानची सूतनिर्यात त्याच्या सूतआयातीपेक्षा जास्त झाली. पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत चीनचा सूतबाजार बहुतांशी जपानकडे गेला होता. आणि ते सूत ज्या कापसाचे होते त्यातला मोठा भाग हिंदुस्थानातूनच गेलेला होता.

या व्यापाराला कायद्याचा आधार मिळाला तो १९०४ सालच्या करारातून. इंग्लंड आणि जपान यांनी हिंदुस्थानसाठी केलेल्या या करारात दोन्ही देशांनी एकमेकांच्या मालाला सर्वाधिक सवलतीच्या राष्ट्राचा दर्जा दिला. सहा महिन्यांची सूचना देऊन करार मोडता येईल, असे एक कलम त्यात होते. जवळपास तीस वर्षे त्याची कोणाला गरज पडली नाही.

दरम्यान पहिल्या महायुद्धात लँकेशायरचे कापड येईनासे झाले आणि रिकाम्या झालेल्या दुकानांत जपानी मांजरपाट आले. युद्ध संपल्यावरही ते गेले नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांनी आरडाओरड सुरू केली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते, आणि त्यांच्या कारभारात दोषही होते. १९२६-२७ च्या टॅरिफ बोर्डाने, म्हणजे जकातीचा विचार करणाऱ्या सरकारी मंडळाने, जपानमधल्या स्त्रियांच्या रात्रपाळीकडे बोट दाखवले. ओसाकाच्या गिरण्यांत खेड्यांतून आणलेल्या मुली वसतिगृहांत राहून रात्रंदिवस पाळ्यांत काम करत आणि क्षयाने खंगत. होसोई वाकिझो या कामगाराने १९२५ साली त्यांच्या हालांवर लिहिलेले पुस्तक जपानमध्ये गाजले. १ जुलै १९२९ पासून जपानने स्त्रियांची रात्रपाळी बंद केली. आता त्यांचा माल महागेल, ही मुंबईची अपेक्षा मात्र फोल ठरली. रात्रपाळी जाणार हे धरून जपानी गिरण्यांनी चात्यांचा वेग वाढवला होता आणि माणसामागे मागांची संख्याही वाढवली होती. मुंबईत एक विणकर बहुधा दोन माग सांभाळी. जपानमध्ये तोयोदा साकिचीने १९२४ साली पूर्णत्वाला नेलेला स्वयंचलित माग इतका पुढारलेला निघाला, की १९२९ साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क एक लाख पौंडांना विकत घेतले. ज्या इंग्लंडकडून साऱ्या जगाने कापडयंत्रे घेतली, ते आता ओसाका-नागोयाकडून शिकत होते.

मुंबईत याच वर्षांत गिरणीकामगारांचे मोठे संप झाले. १९२८ चा संप सहा महिने चालला. कार्यक्षमता वाढवण्याच्या नावाखाली कामगार कमी करायचे आणि पगार कापायचे, एवढाच मार्ग बहुतेक मालकांना दिसत होता. स्पर्धेचा भार लालबाग-परळच्या चाळींवर उतरला.

मग आले जागतिक मंदीचे वर्ष. १९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर १५ टक्के आणि इतर देशांच्या कापडावर २० टक्के जकात बसली. पुढल्या वर्षी ती दोनदा वाढली. डिसेंबर १९३१ मध्ये जपानने सुवर्णचलन सोडले आणि वर्षभरात डॉलरच्या हिशेबात येन निम्म्याहूनही खाली आला. हिंदी बंदरांत जपानी कापड अशा भावाने उतरू लागले, की कोणाचाच हिशेब जुळेना. १९३२-३३ साली जपानचे सुमारे ५८ कोटी वार आणि इंग्लंडचे सुमारे ६० कोटी वार कापड हिंदुस्थानात आले. शंभराहून अधिक वर्षांची लँकेशायरची मिरास एका बरोबरीच्या आकड्यावर येऊन ठेपली. सरकारने ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरची जकात ५० टक्क्यांवर आणि जून १९३३ मध्ये ७५ टक्क्यांवर नेली. त्याआधी एप्रिलमध्ये १९०४ च्या करारातले ते सहा महिन्यांच्या सूचनेचे कलम वापरले गेले. करार मोडल्याशिवाय फक्त जपानवर निर्बंध घालता येत नव्हते.

उत्तर ओसाकातून आले, आणि ते चाळीस वर्षांपूर्वीच्याच पद्धतीचे होते. जपानी गिरण्यांच्या संघाने जून १९३३ मध्ये ठरवले, की हिंदी कापसाची एकही गाठ घ्यायची नाही. हिंदुस्थानच्या कापसाच्या निर्यातीचा निम्म्याच्या आसपास भाग जपान घेत होता. एवढे गिऱ्हाईक एका ठरावाने बाजूला झाले. ठरावाची वेळ पाहा : वऱ्हाड-खानदेशात मृगाचा पाऊस पडून सरकीची पेरणी चालू होती. जमिनीत पडलेले बी परत काढता येत नाही. पीक येणार दिवाळीला, आणि ते कोण घेणार हे जूनमध्ये कोणालाच सांगता येत नव्हते. मंदीने आधीच शेतमालाचे भाव पडलेले, सारा आणि सावकाराचे व्याज मात्र पूर्वीएवढेच. मुंबईच्या गिरणीमालकाला जे संरक्षण हवे होते त्याची किंमत वऱ्हाडचा शेतकरी देणार की काय, हा प्रश्न आता उघड झाला.

२३ सप्टेंबर १९३३ रोजी सिमल्यात बोलणी सुरू झाली. हिंदुस्थान सरकारच्या बाजूने व्यापार खात्याचे सदस्य सर जोसेफ भोर होते. जपानचे प्रतिनिधी होते सावादा सेत्सुझो, आणि त्यांच्यासोबत ओसाकाचे गिरणीवाले. याच वेळी लँकेशायरचे शिष्टमंडळही सर विल्यम क्लेअर-लीस यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानात आले होते. मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी यांनी त्यांच्याशी वेगळी बोलणी केली आणि २८ ऑक्टोबरला मुंबईत लीस-मोदी करार झाला. ब्रिटिश कापडाला कमी जकात मान्य करायची आणि बदल्यात लँकेशायरने हिंदी कापूस जास्त वापरण्याचा प्रयत्न करायचा, असा त्याचा आशय. अहमदाबादच्या मालकांना हा करार मान्य नव्हता आणि राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेकांना तो मुंबईची शरणागती वाटला. जपानविरुद्ध सोबती हवा म्हणून मुंबईने जुन्या प्रतिस्पर्ध्याचा हात धरला होता.

सिमल्यातली बोलणी पुढे दिल्लीला आली आणि महिनोन्‌महिने रेंगाळली. तिढा दोनच आकड्यांचा होता : जपानने किती वार कापड आणायचे आणि किती गाठी कापूस न्यायचा. एकीकडे नवा कापूस जिनांत येऊन पडत होता, दुसरीकडे ओसाकाच्या गोदामांतला साठा आटत होता. जाडे सूत स्वस्तात काढायचे तर हिंदी आखूड धाग्याला जपानपाशी सोयीचा पर्याय नव्हता. अखेर ५ जानेवारी १९३४ रोजी दिल्लीत तडजोड झाली, कापसावरचा बहिष्कार उठला, आणि १२ जुलै १९३४ रोजी लंडनमध्ये करारावर सह्या झाल्या. भारताच्या व्यापाराचा करार लंडनमध्ये सही व्हावा, ही त्या काळाची घटनात्मक वस्तुस्थिती होती.

करारातले गणित असे होते. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला, तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड आणता येईल. खरेदी कमी झाली तर दर १० हजार गाठींमागे २० लाख वार कमी होतील. खरेदी वाढली तर दर १० हजार गाठींमागे १५ लाख वार वाढतील, पण ४० कोटी वारांच्या वर कधीच नाही, म्हणजे १५ लाख गाठींनंतर ही वाढ थांबेल. जपानी कापडावरची जकात ७५ वरून ५० टक्क्यांवर आली. कोरे, किनारीचे, धुवट आणि रंगीत, अशा प्रत्येक प्रकारच्या कापडाचा हिस्साही ठरवून दिला होता. शेतातली गाठ आणि मागावरचा वार यांना एका सूत्रात इतके नेमके बांधणारे करार त्या काळी क्वचितच झाले असतील. मुक्त व्यापाराच्या जगातून कोट्यांच्या जगात जाण्याची ही एक मोठी पायरी होती, आणि तिच्यात हिंदी सरकारने कापूस हे आपले हत्यार पहिल्यांदाच नीट वापरले.

तरीही या गणितात दोन गोष्टी नव्हत्या. पहिली म्हणजे भाव. करारात गाठींची संख्या होती, वारांची होती, जकातीची टक्केवारी होती, पण शेतकऱ्याला खंडीमागे काय मिळेल याचा एक शब्द नव्हता. दुसरी म्हणजे सेवा. गाठी कोणाच्या जहाजातून जातील, विमा कोण उतरवेल, हुंडी कोणती बँक वटवेल, यातला वाटा हिंदी माणसाला मिळावा अशी तरतूद त्या सूत्रात नव्हती. जहाजभाडे, विमा, दलाली आणि व्याज या रूपाने या व्यापारातला जो पैसा फिरत होता, त्याच्यावर १८९३ पासून जपानने बसवलेली पकड तशीच राहिली.

पुढल्या वर्षांत जपानने करारातली कमाल ओलांडून कापूस नेला, कारण त्याला तो लागतच होता. कापडाची मर्यादा त्याने पाळली, पण करारात ज्याचा उल्लेख नव्हता तो माल वाढवला : कृत्रिम रेशीम आणि कापडाचे तुकडे. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून वेगळा झाल्यावर नवा करार झाला. त्यात मूळ आकडा २८ कोटी ३० लाख वारांवर आला आणि तुकड्यांवरही मर्यादा आली. पण तोवर जपानचे सैन्य चीनमध्ये घुसले होते. जुलै १९४१ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात जपानी मालमत्ता गोठवली गेली, आणि डिसेंबरमध्ये युद्ध सुरू झाल्यावर भारतातले जपानी रहिवासी नजरकैदेत गेले, आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात आणि मग राजस्थानातल्या देवळी छावणीत. मुंबईच्या जपानी कापूसपेढ्यांना कुलपे लागली.

स्वतंत्र भारताने ९ जून १९५२ रोजी जपानशी स्वतंत्र शांतता तह केला आणि युद्धाची भरपाई मागितली नाही. त्यानंतर कापसाची जागा लोहखनिजाने घेतली. पोर्तुगीज अमलातल्या गोव्याच्या खाणींतून मुरगाव बंदरामार्गे जपानच्या पोलाद कारखान्यांना खनिज जाऊ लागले, आणि १९५८ साली जपानने आपले पहिले येन कर्ज भारताला दिले. फेब्रुवारी २०११ मध्ये दोन्ही देशांनी सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार केला. १९०४ आणि १९३४ च्या करारांत जे नव्हते ते याच्यात आले : सेवांच्या व्यापाराचे स्वतंत्र प्रकरण.

हे प्रकरण कागदावर यायला शंभराहून अधिक वर्षे लागली, म्हणून ते हलके मानू नये. दोन देशांचा व्यापार मोजताना आपण अजूनही किती टन गेले आणि किती टन आले एवढ्यावर समाधान मानतो. वऱ्हाडचा कापूस, गोव्याचे खनिज, नाशिकची द्राक्षे, कोकणचा हापूस, माल बदलतो आणि प्रश्न तोच उरतो : शेतापासून परदेशातल्या दुकानापर्यंतच्या वाटेवर जहाज, शीतगृह, विमा, पतपुरवठा आणि बाजाराची माहिती यांतले आपल्या हातात किती आहे? ओसाकाच्या गिरण्यांनी एक मालक दुसऱ्याला सोडणार नाही अशी शिस्त ठेवली आणि कापसाचे एक बोंडही न पिकवता कापसाच्या व्यापारावर राज्य केले. जमशेटजी टाटांनी १८९३ साली हीच गोष्ट मुंबईला सांगितली होती आणि तिच्यासाठी स्वतःचा पैसा घातला होता. त्या वेळी परके सरकार होते, ही सबब खरी होती. आज ती उरलेली नाही. म्हणून आजचे निर्यातदार, शेतकरी-संस्था आणि सरकार यांनी करारातला जकातीचा तक्ता वाचताना सेवांचे प्रकरण तितक्याच बारकाईने वाचले पाहिजे, आणि स्वस्त दर समोर आला तरी एकमेकांना धरून राहिले पाहिजे.